समेटाच्या बैठकीत कोणी बसावे?

(उपदेशक, शब्बाथ शाळेचे शिक्षक व खेड्यांतील मंडळ्या यांच्यासाठी पाठ)

शास्त्रपाठ : २ शमुवेल २०:१४–२२, प्रेषितांची कृत्ये ६:१–७ व १५:१–३१.
पाठांतरासाठी वचन : मत्तय ५:९.
पाठाचा मुख्य विचार : जो समेट ज्यांनी पाळावयाचा, त्यांना त्या समेटाच्या बैठकीत स्थान असले पाहिजे, आणि त्यांना तेथे आणून बसविणे हे मध्यस्थाचे पहिले काम होय.



आपल्या खेड्यांत तंट्यावाचून क्वचितच एखादे वर्ष जाते. कोठे बांधावरून भांडण, कोठे पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून, कोठे दफनभूमीच्या वाटेवरून, तर कोठे मंडळीच्या वडिलांच्या निवडणुकीवरून. असा तंटा पेटला म्हणजे चार शहाणी माणसे एकत्र बसतात, चहा होतो, कागद होतो, त्यावर सह्या-अंगठे होतात, उपदेशक प्रार्थना करतो, आणि सर्व लोक समाधानाने घरी जातात. पुढे महिना लोटतो न लोटतो तोच तोच तंटा पुन्हा उभा राहतो, आणि पहिल्यापेक्षा अधिक कडू होऊन उभा राहतो. असे का व्हावे? कागद खोटा होता काय? प्रार्थना कपटाची होती काय? बहुधा तसे नसते. दोष पुष्कळदा ह्यात असतो की, ज्यांच्या हातून तो समेट पाळला जावयाचा ती माणसे बैठकीच्या बाहेर उभी होती. ह्या पाठात आपण प्रथम शास्त्राकडे, मग आपल्या नाशिक जिल्ह्याच्या व महाराष्ट्राच्या इतिहासाकडे, मग दूरच्या दोन ख्रिस्ती समाजांकडे, आणि शेवटी आपल्या स्वतःच्या ओसरीकडे पाहू.

१. तटावरची शहाणी स्त्री

दावीद राजाविरुद्ध शबा नावाच्या मनुष्याने बंड केले व तो उत्तरेकडील आबेल नगरात जाऊन लपला. सेनापती यवाब सैन्य घेऊन आला. त्याने नगरापुढे मातीचा मोर्चा रचला, आणि त्याचे लोक तट पाडू लागले. आत असलेल्या बायकामुलांचा बंडाशी काही संबंध नव्हता. तरी तट पडला असता तर मरण त्यांच्याच वाट्याला येणार होते. त्या वेळी एक स्त्री तटावर चढली व तिने यवाबाला बोलाविले. तिचे नाव शास्त्रात दिलेले नाही. ती राजाची राणी नव्हती, सरदाराची कन्या असल्याचेही लिहिलेले नाही. शहाणी होती एवढेच लिहिले आहे. तिने सेनापतीला विचारले की, ज्या नगरात लोक पूर्वीपासून सल्ला विचारावयास येत, ते मातेसारखे नगर तू का बुडवितोस? यवाबाने उत्तर दिले की, मला नगर नको, एक मनुष्य हवा आहे.

येथे वाचकांनी बाविसाव्या वचनाकडे विशेष लक्ष द्यावे. यवाबाशी बोलणे झाल्यावर ती स्त्री सर्व लोकांकडे गेली. सेनापतीला तिने शब्द दिला होता खरा, पण तो शब्द लोकांनी आपला मानल्यावाचून व्यर्थ आहे हे तिला कळत होते. म्हणून ती तटावरून उतरून गल्लीत गेली. लोकांनी तिचे ऐकले, आणि सैन्य परत गेले.

ह्या कथेचा शेवट वाचताना आपले मन कचरते, कारण त्या शांतीची किंमत एका मनुष्याचे शिर होती. ही गोष्ट शिक्षकाने झाकून ठेवू नये. आपला मध्यस्थ जो प्रभू येशू त्याने दुसऱ्या कोणाचे शिर मागितले नाही, आपलाच प्राण दिला, आणि दोघांमधली आडभिंत पाडली (इफिस २:१४). तेव्हा त्या स्त्रीचा मार्ग आपण घ्यावा, पण किंमत कोणाकडून वसूल करावयाची हे मात्र वधस्तंभाकडे पाहून शिकावे.

२. पहिल्या मंडळीतील दोन तंटे

यरुशलेमातील मंडळी नवीन असतानाच तिच्यात कुरकुर उत्पन्न झाली. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूद्यांचे म्हणणे असे की, रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. बारा प्रेषितांना आपसांत बसून निकाल देता आला असता. तसे न करता त्यांनी सर्व शिष्यसमुदायाला बोलाविले आणि सात माणसे निवडण्यास त्यांनाच सांगितले. त्या सातांची नावे मोठ्याने वाचून पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सर्व नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या पक्षाची तक्रार होती, त्याच पक्षातली नावे मंडळीने पुढे केलेली दिसतात. ज्यांच्या ताटात कमी पडत होते, त्यांच्या माणसांच्या हाती वाढणी दिली. आपल्या किती मंडळ्यांत असा धीर आहे?

दुसरा तंटा याहून कठीण होता : परराष्ट्रीयांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी की नाही? पंधराव्या अध्यायात तीन गोष्टी पाहा. पौल व बर्णबा बोलत होते तेव्हा सगळा समुदाय गप्प राहून ऐकत होता (वचन १२). निर्णय प्रेषित व वडील यांनी सगळ्या मंडळीसह केला (वचन २२). आणि तो निर्णय पत्राने पाठवून अंत्युखियात लोकसमुदाय जमवून त्यांच्या हाती दिला. तेव्हा तो वाचून त्यांना आनंद झाला (वचने ३० व ३१). ऐकण्यात, ठरविण्यात व जाहीर करण्यात, तिन्ही ठिकाणी मंडळी हजर होती.

३. नाशिकचा रथ

आता शास्त्रातून आपल्या जिल्ह्यात येऊ. पंचवटीतील काळारामाचे देऊळ आपण सर्वांनी पाहिले आहे. पेशवाईच्या काळी सरदार रंगराव ओढेकर यांनी ते काळ्या दगडात बांधविले. ह्या देवळात अस्पृश्य म्हणविलेल्या लोकांस जाण्याची मनाई होती. रविवार, २ मार्च १९३० रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली नाशिकास मोठी परिषद झाली व सुमारे पंधरा हजार लोकांची मिरवणूक शिस्तीने देवळाकडे गेली. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव गायकवाड, ज्यांना पुढे लोक दादासाहेब म्हणू लागले, ते ह्या सत्याग्रहाचे चिटणीस होते. देवळाची दारे बंद करण्यात आली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष व २५ स्त्रिया चारही दारांशी जाऊन बसल्या. अशी सुमारे महिनाभर दारे बंद राहिली. आतले आत आणि बाहेरचे बाहेर.

ह्या दिवसांत समेटाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या अध्यक्षतेखाली नाशिकच्या नागरिकांची सभा तडजोडीसाठी भरली. पण सनातनी मंडळींनी दगड व जोडे फेकल्यामुळे ती उधळली गेली. पुढे चैत्रातील रथोत्सव आला. तेव्हा अशी तडजोड ठरली की, रामाचा रथ दोन्ही पक्षांच्या बळकट माणसांनी मिळून ओढावा. दिवस होता ९ एप्रिल १९३०. हजारो लोक दुपारी देवळापुढे जमले. डॉ. आंबेडकर आपले निवडक स्वयंसेवक घेऊन महाद्वारापाशी उभे राहिले. परंतु त्यांच्या माणसांचा हात दोराला लागण्यापूर्वीच रथ पळविण्यात आला व अरुंद रस्त्यात नेण्यात आला. मग दगडांचा वर्षाव झाला. अनुयायांनी आपल्या नेत्यावर छत्र्या धरल्या, तरी डॉ. आंबेडकरांना थोड्या जखमा झाल्याच.

बंधूंनो, ह्या प्रसंगावर थोडे थांबून विचार करा. तडजोड वाईट नव्हती. एकाच दोराला दोन्ही पक्षांचे हात लागावे ह्यापेक्षा सुंदर तडजोड ती कोणती? पण दोराला ज्यांचे हात होते, त्यांच्या वतीने शब्द कोणी दिला होता? पुढाऱ्याचा शब्द गल्लीने आपला मानला नाही म्हणजे असेच होते. आबेलची स्त्री तटावरून उतरून लोकांकडे गेली होती. नाशिकच्या रथापुढे ते उतरणे झालेले दिसत नाही. आणि ज्यांना दिलेला शब्द मोडला, त्यांच्या अंतःकरणात तो दगडाहून खोल लागला. सत्याग्रह पाच वर्षे चालला. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवले येथे डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि नाशिकचा सत्याग्रह थांबविण्याचे ठरले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो लोकांसह त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली.

ही दुसऱ्यांची गोष्ट म्हणून आपण वाचू नये. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे त्याच वाड्यांतून आले, ज्यांना देवळाचे दार व गावची विहीर बंद होती. आणि आपल्याही मंडळ्यांत कोणी पुढल्या बाकावर बसावे, कोणाच्या मुलीला मागणी घालू नये, कोणाचे प्रेत कोठे पुरावे, हे अजून जुन्या वाड्यांवरून ठरत असेल, तर रथ पळविणाऱ्यांना दोष देण्याचा आपल्याला काय अधिकार?

४. येरवड्याचा करार

नाशिकच्या सत्याग्रहाच्या काळातच पुण्यास दुसरी मध्यस्थी घडली, व ती सगळ्या देशाने पाहिली. १९३२ च्या ऑगस्टात ब्रिटिश प्रधानमंत्री रॅम्से मॅक्डोनल्ड यांनी दलित वर्गांना स्वतंत्र मतदारसंघ देणारा निवाडा जाहीर केला. महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते. ह्या निवाड्याविरुद्ध त्यांनी २० सप्टेंबरास प्राणांतिक उपोषण आरंभिले. पंडित मदनमोहन मालवीय यांनी मुंबईत पुढाऱ्यांची परिषद भरविली. सर तेजबहादूर सप्रू व बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ह्यांनी दोन्ही पक्षांमध्ये ये-जा केली. तुरुंगाच्या आवारातील आंब्याच्या झाडाखाली वाटाघाटी झाल्या. मद्रासचे एम. सी. राजा, भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर, ठक्करबाप्पा, क्रिकेटपटू पाळवणकर बाळू, असे नाना प्रकारचे लोक त्यात होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी करारावर सह्या झाल्या. प्रांतिक कायदेमंडळांत दलित वर्गांना निवाड्याप्रमाणे ७१ जागा मिळावयाच्या होत्या, त्या १४८ झाल्या. मात्र स्वतंत्र मतदारसंघ गेले. दोन दिवसांनी ब्रिटिश सरकारने करार मान्य केला व उपोषण सुटले.

येथे एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. मध्यस्थी करणारे लोक सरकारी अधिकारी म्हणून आले नव्हते. ते वकील, समाजसेवक, व्यापारी, खेळाडू असे नागरिक होते. तरी त्यांनी केलेला करार साम्राज्याच्या सरकारला मान्य करावा लागला. साधी माणसे एकत्र बसली तर राजाचा निवाडाही बदलतो.

पण दुसरी गोष्टही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एका थोर पुरुषाचा प्राण पणास लागला होता, आणि त्या ओझ्याखाली डॉ. आंबेडकरांना सही करावी लागली. आपल्याइतक्या कठीण पेचात कोणी सापडला नसेल अशी त्यांची भावना होती, आणि पुढे त्यांनी ह्या करारावर कडक टीका केली. म्हणून मध्यस्थाने ध्यानात ठेवावे की, बैठकीत जागा मिळणे पुरेसे नाही. बसलेल्या मनुष्याला नाही म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला काय किंमत? आपल्या गावी ऋणकोला धनकोसमोर बसवून, किंवा सुनेला सासरच्या दहा माणसांत उभी करून ‘कबूल आहे ना?’ असे आपण विचारतो, तेव्हा हेच पाप आपल्या हातून घडते.

५. पंढरपूरचे दार

नाशिकच्या रथानंतर सतरा वर्षांनी तोच प्रश्न पंढरपुरास उभा राहिला, आणि तेथे तो निराळ्या वाटेने सुटला. साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून उपोषणाचा निश्चय केला होता. सेनापती बापट यांनी त्यांना सुचविले की, आधी महाराष्ट्रभर हिंडून लोकांना सांगा. गुरुजींनी ते मानले. कित्येक महिने ते गावोगाव फिरले. राष्ट्र सेवा दलाच्या तरुणांचे कलापथक बरोबर होते. ठिकठिकाणी लोकांनी विहिरी व देवळे खुली केली. इतके झाल्यावर १ मे १९४७ रोजी पंढरपुरास उपोषण सुरू झाले. दादासाहेब मावळंकर मध्यस्थ म्हणून आले, बडव्यांशी बोलले, आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

उपोषणाचा दाब येथेही होता हे खरे. काळही बदलला होता. तरी एक भेद मोठा आहे. मावळंकर येऊन बसले तेव्हा बैठकीत बडवे व गुरुजी एवढेच नव्हते; त्यांच्या पाठीशी शेकडो गावांची तयार झालेली मने होती. मध्यस्थाने दार उघडावयास सांगण्यापूर्वी खेड्यांतील लोकांनी आपापली दारे उघडली होती. नांगरट झालेल्या वावरात बी पडले. नाशिकास ते न नांगरलेल्या जमिनीवर पडले, आणि पाखरांनी खाल्ले.

६. दोन दूरचे समाज

कोणी म्हणेल, ह्या मोठ्या लोकांच्या गोष्टी झाल्या. खेड्यातील ख्रिस्ती मंडळीने काय करावे? त्यांच्यासाठी दोन उदाहरणे.

ईशान्येकडील नागा टेकड्यांत १९५० नंतरच्या वर्षांत सरकारी सैन्य व सशस्त्र नागा ह्यांच्यात लढाई जुंपली. दोहोंच्या मध्ये सापडून खेडी जळाली. तेथील बहुतेक लोक बाप्तिस्त मंडळीचे. १९६४ च्या आरंभी वोखा येथे भरलेल्या बाप्तिस्त परिषदेने शांतिमंडळ नेमण्याची सूचना केली. जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा व इंग्रज पाळक मायकेल स्कॉट हे तिघे त्या मंडळावर आले. ६ सप्टेंबर १९६४ रोजी शस्त्रे थांबली. तो रविवार होता. शांतिमंडळ १९६६ साली संपले व कायमचा तह त्याच्या हातून झाला नाही. तरी शस्त्रसंधी १९७२ पर्यंत चालू राहिली, व लोकांना पेरावयास, कापावयास व उपासनेला जमावयास अवकाश मिळाला. अपुऱ्या शांतीलाही देवाचे दान म्हणावे.

दुसरे उदाहरण आफ्रिकेतील लायबेरिया देशाचे. तेथे यादवी युद्धात असंख्य घरे उद्ध्वस्त झाली होती. २००३ साली लेमा ग्बोवी नावाच्या लुथरन मंडळीतील स्त्रीने ख्रिस्ती व मुसलमान बायकांना एकत्र केले. पांढरी वस्त्रे घालून त्या राजधानीतील मासळीबाजाराजवळ दिवसेंदिवस उन्हापावसात बसल्या. वाटाघाटी घाना देशात आक्रा येथे सुरू झाल्या. पण सरदार लोक दिवस घालवू लागले. तेव्हा काही बायका तेथे जाऊन सभागृहाच्या दारात बसल्या व तह होईपर्यंत कोणाला बाहेर जाऊ देणार नाही म्हणाल्या. १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला. २०११ साली ग्बोवी ह्यांना नोबेल शांतिपारितोषिकाचा वाटा मिळाला. आबेलच्या तटावरची ती स्त्री जणू तीन हजार वर्षांनी पुन्हा उभी राहिली.

७. माझ्या ओसरीवरची चूक

शिक्षकाने आपली चूक लपवून दुसऱ्यांना शिकवू नये, म्हणून हे लिहितो. मी नवीन पाळक असताना एका खेड्यात दफनभूमीच्या वाटेवरून मंडळीतील दोन वाड्यांत वैर आले. मी दोन्हीकडचे तीन-तीन वडील माझ्या ओसरीवर बसविले. संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत बोलणे झाले. नवी वाट ठरली, कागद झाला, सह्या झाल्या, आम्ही गुडघे टेकले. त्या रात्री मला सुखाने झोप लागली.

तिसऱ्या आठवड्यात एका घरचे लहान मूल वारले. पेटी घेऊन आम्ही नव्या वाटेने निघालो, तो एक विधवा बाई आपल्या वावराच्या कुंपणापाशी विळा घेऊन उभी होती. मी म्हटले, “मावशी, वाट ठरली आहे; कागद झाला आहे.” ती म्हणाली, “पाळकसाहेब, वाट माझ्या वावरातून जाणार अन् कागद तुमच्या ओसरीवर झाला. मला कोणी विचारलं?” मला उत्तर नव्हते. मुलाचा बाप पेटी हातांत घेऊन उन्हात उभा होता. आम्ही मागे फिरून जुन्या, काट्याच्या वाटेने गेलो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बैठक झाली. ती त्या मावशीच्या अंगणात. ह्या वेळी कबर खणणारे तरुण आले, दोन्ही वाड्यांतील बायका आल्या. तासाभरात गोष्ट उघड झाली : मावशीचा वाटेला विरोध नव्हताच. वाट वावराच्या मधून काढली म्हणजे तिचे दोन सरींचे पीक जाई. बांधाच्या कडेने काढली तर काही जात नव्हते. ही साधी गोष्ट आम्हा सात पुरुषांना मध्यरात्रीपर्यंत सुचली नाही, कारण ते वावर आमच्यापैकी कोणी निंदले नव्हते. ती वाट पुढे मोडली नाही.

८. उपदेशकांसाठी काही नियम

पहिला : बैठक बोलावण्यापूर्वी कागदावर नावे लिहा. हा समेट कोणाला पाळावा लागेल? कोणाचे शेत, कोणाचे पाणी, कोणाची मुले ह्यात आहेत? त्यांपैकी कोण बैठकीत नाही? बहुधा ती नावे स्त्रियांची, तरुणांची व भूमिहीनांची निघतील.

दुसरा : आधी प्रत्येकाच्या घरी जाऊन वेगळे ऐका. जे चारचौघांत बोलवत नाही ते चुलीपाशी बोलले जाते. ऐकलेले मात्र एका घरचे दुसऱ्या घरी नेऊ नका.

तिसरा : ज्या पक्षाचे तुम्ही नातलग, किंवा ज्याचे तुम्ही देणेकरी, त्या तंट्यात मध्यस्थ होऊ नका, दुसऱ्या गावचा बंधू बोलवा.

चौथा : ठरलेले सर्व मंडळीपुढे मोठ्याने वाचा, आणि कोणाला शंका असल्यास तेथेच विचारू द्या. अंत्युखियात असेच झाले. महिन्याने पुन्हा जमून समेट कसा चालला आहे हे पाहा.

पाचवा : गुन्हा झाकण्यासाठी समेट करू नका. जेथे स्त्रीला मारहाण झाली, मुलावर अत्याचार झाला, किंवा जातीवरून कोणाचा छळ झाला, तेथे पहिले काम दुबळ्याचे रक्षण व दुसरे काम कायद्याकडे जाणे. जातीय अत्याचाराविरुद्ध १९८९ चा कायदा आहे. पीडिताला ‘क्षमा कर’ म्हणून घाई करणारा उपदेशक शांती करीत नाही, जखमेवर गीत गातो.

सहावा : आपल्या मंडळीपुरते पाहू नका. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्यात ग्रामसभेने समिती निवडावी अशी योजना होती. अशा कामात गावाने बोलावले तर आपल्या लोकांनी मागे बसू नये. ख्रिस्ती मनुष्य गावच्या पारावर सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांबरोबर न्यायाने बोलला, तर ती चांगली साक्ष होय.

चर्चेसाठी प्रश्न

१. आबेलची स्त्री यवाबाशी बोलल्यावर कोणाकडे गेली? तेथे गेली नसती तर काय झाले असते?
२. प्रेषितांची कृत्ये ६ मधील सात माणसांच्या नावांवरून काय दिसते?
३. नाशिकच्या रथाची तडजोड व पंढरपूरच्या मंदिराचा समेट ह्यांत काय भेद होता?
४. बैठकीत बसलेल्याला नाही म्हणता येत नसेल, तर मध्यस्थाने काय करावे?
५. आपल्या मंडळीत मागील वर्षी झालेला एखादा समेट आठवा. त्या दिवशी दाराबाहेर कोण उभे होते? (ह्या प्रश्नाचे उत्तर वर्गात मोठ्याने देण्याची सक्ती करू नये, पण त्या मनुष्याच्या घरी ह्याच आठवड्यात जावे.)

प्रार्थनेचे विषय

जेथे दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत त्या घरांसाठी. ज्यांना न विचारता ज्यांच्याविषयी ठरविले जाते त्यांच्यासाठी. आणि मध्यस्थ म्हणून बोलावल्या जाणाऱ्या प्रत्येक उपदेशकासाठी, की त्याला आधी ऐकण्याची व मग बोलण्याची कृपा लाभावी.